काळजातला हलवा

मृण्मयी त्या दिवशी बेगमबाजारात गेली ती साधा हलवा, बोरं आणि चुरमुरे आणायला. भावाच्या बबलूचं बोरन्हाण होतं. हिमायतनगरातल्या त्या फ्लॅटमध्ये कित्येक दिवसांनी कुणीतरी हौसेनं काही करत होतं. नाहीतर घरात विषय एकच. वर्षभराच्या पोराच्या काळजाला छिद्र! डॉक्टर म्हणाले होते, थोडं थांबू, नाहीच बुजलं तर ऑपरेशन. तेव्हापासून शिल्पावहिनी पोराच्या छातीला कान लावूनच झोपायची.

मृण्मयीची कलाच मुळी जगावेगळी. साखरेची, जेलीची खेळणी करायची, पण अर्धं अंग खेळण्याचं आणि अर्धं उघडं. आत बरगड्या, फुप्फुसं, आतडी, सगळं जिथल्या तिथं. मोठी माणसं नाक मुरडायची. पोरं आधी 'ई!' करून पळायची, आणि मग आईचं बोट सोडून परत यायची, पार नाक टेकवून बघायची. बोरन्हाणासाठी तिनं अस्वल केलं. लाल जेलीचं काळीज कोरताना समोर बबलूच्या तपासणीचं चित्र होतं. हाताला काय सुचलं देव जाणे, तिनं काळजाला छिद्रसुद्धा पाडलं. मग तिचं तिलाच कसंसं झालं. पण इतकं सुरेख जमलेलं, मोडवेना. म्हणतात ना, हौसेला मोल नसतं.

बबलू काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसला. डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतले, अस्वलही त्याच्यावरून ओवाळून पोरांच्या घोळक्यात ठेवलं. झालं! बघता बघता फडशा. आतडी कुणाच्या तोंडात, बरगड्या कुणाच्या खिशात. काळजाला मात्र कुणी हात लावेना.

"खा ना रे," मृण्मयी म्हणाली.

"नक्को," पोरं मागं सरली. "ते हलतंय."

खालच्या मजल्यावरची त्रिवेणी तेवढी पुढं आली. पाच वर्षांची, भलती धीट. तिनं काळीज तळहातावर घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"आत्या, याच्या दिलाला छेद आहे. थंडी वाजत असंल ना?"

तिनं पाटाखालचा हलव्याचा एक दाणा उचलला, छिद्रात दाबून बसवला आणि म्हणाली, "हौ, आता बुजलं."

वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मृण्मयीनं ते काळीज बरणीत घातलं. तेव्हा त्रिवेणीची आजी, इंदुताई, हळूच जवळ आली.

"बाई, बाळावरून उतरवलेलं घरात ठेवत नसतात. पोरांनी खाऊन संपवायचं असतं. ठेवतेसच, तर मुंगी लागू देऊ नको."

मृण्मयी हसली. तरी बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवली, तूपसाखरेचा डबा ठेवतात तशी. रोज सकाळी पाणी घालायची.

पुढच्या तपासणीला डॉक्टर पडद्याकडे बघतच राहिले. "छिद्र बंद झालंय. होतं असं कधीकधी." मग पडद्यावर बोट ठेवून, "तिथं काहीतरी पांढरं, गोल दिसतंय खरं... मशीनचा दोष असेल."

कशाचा दोष नि कशाचं काय! घरात दिवाळी झाली. वहिनी कित्येक दिवसांनी खळखळून हसली. पुरण शिजलं, पाहुणे आले, गेले, पुन्हा आले. मृण्मयीच्या नव्या प्रदर्शनाचं ठरलं. या धांदलीत ताटलीकडे कोण बघतंय?

एका संध्याकाळी ती चहा टाकायला स्वयंपाकघरात आली. सगळीकडे शिळ्या पाकाचा गोडसर वास. तिची नजर फळीवर गेली. ताटली कोरडी ठणठणीत पडली होती.

तिनं बरणी उचलून उजेडात धरली. झाकण घट्ट. आत एक मुंगी नाही, बाहेर एक मुंगी नाही. काळीज तसंच लालचुटुक. हुश्श! तिनं बरणी जरा फिरवली. छिद्र रिकामं होतं.

"मृण्मयी..." आतल्या खोलीतून वहिनीचा आवाज आला, अगदी दबका. "इकडे ये... आवाज करू नकोस..."

बबलू पाळण्यात गाढ झोपला होता. ओठ जरासे निळसर. पाळण्याच्या दांडीवरून मुंग्यांची बारीक काळी रांग लागली होती. वहिनीनं झबलं वर केलं. अंगावर ओरखडा नाही, चावल्याची खूण नाही. डाव्या छातीच्या गोऱ्या कातडीवरून, जिथं काहीसुद्धा नव्हतं, तिथून रांग सुरू होत होती.

"पुसून टाक ना..." वहिनी पुटपुटली.

मृण्मयी खाली वाकली आणि तिचा हात तसाच राहिला. आत जाणारी एकही मुंगी नव्हती. सगळ्या बाहेर येत होत्या, आणि प्रत्येकीच्या तोंडात साखरेचा पांढरा कण होता.