पाठवू का?

फोन ठेवा रे खाली दोन मिनिटं. गाडीशी गप्पा मारत गाडी हाकू नका, हे सांगून सांगून तोंडाला फेस आलाय माझ्या. पण म्हाताऱ्याचं ऐकतंय कोण! असो. ही गोष्ट माझ्या ओळखीतल्या एका ड्रायव्हरची. खोटी निघाली तर नाव बदलीन.

औषधांची व्हॅन होती. दिवसा जोडीदार चालवायचा, रात्री हा. किल्ली द्यायला जोडीदार याच्या घरी यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "वहिनी, घोटभर चहा!" याच्या बायकोला वहिनी म्हणणारा तो एकटाच. तो जोडीदार पुलाजवळच्या वळणावर अपघातात गेला. गाडीला बोलून निरोप सांगत होता. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, मन घरी. गाडी दुरुस्त होऊन आली. माणूस नाही आला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, मंगळवारची रात्र. दोन वाजून वीस मिनिटं. बदली माणूस मिळेना म्हणून हा सलग दुसरी पाळी ओढत होता. अंगात त्राण नव्हतं. घरी बायकोचे दिवस भरलेले, ती एकटी. याचा जीव टांगणीला. पुलाजवळ आल्यावर तो गाडीला म्हणाला, "बायकोला निरोप पाठव. तासाभरात येतो. दुखतंय का?"

आपण बोललेलं यंत्र आधी वाचून दाखवायचं, मग विचारायचं, "पाठवू का?" रोजचंच होतं ते.

यंत्र गप्प.

मग वाचलं. "वळणावर ट्रक उभा आहे. दिवे नाहीत."

हे तो बोललाच नव्हता...

पाय ब्रेकवर गेला. टायर किंचाळले. गाडी थांबली.

समोर ट्रक. काळोखात. वीतभर अंतर.

"कोण?"

...

"कोण आहेस रे?"

"पाठवू का?"

त्याने कसंबसं यंत्र बंद केलं आणि उरलेला रस्ता तो मुकाट्याने आला.

घरी बायको पिशवी भरून दारातच बसली होती. घामाघूम.

"कळा सुरू झाल्या तशी फोन लावणारच होते," ती म्हणाली. "तेवढ्यात तुमचा निरोप आला. पण अहो, मला वहिनी काय म्हणता?"

त्याने तिचा फोन हातात घेतला. निरोप दोन वाजून एकवीस मिनिटांचा.

"वहिनी, आता फोन करू नका. गाडी चालवतोय तो. येतोय."