सातवं नाव

दार लोटून घ्या, आणि मध्ये मध्ये बोलू नका. आमच्या झीलकऱ्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. त्याने मला एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून.

शाहीर ओळ टाकायचा, हा मागून झील धरायचा. शाहीर गेल्यावर त्याच्या नावाचं सभागृह झालं. बांधून दिलं कोणी? ज्या कारखान्याच्या टाकीत सात कामगार गुदमरून मेले, त्याच कारखान्याच्या मालकाने! त्या सातांसाठी शाहिराने जन्मभर रान उठवलं होतं. गाण्यात तो विचारायचा, "कोण गेलं?" आणि झीलकरी एकेक नाव घ्यायचा. उद्घाटनाला तीच टेप लागणार होती.

चार डिसेंबर, गुरुवार. रात्रीचे सव्वानऊ. झीलकरी सभागृहाच्या तळघरात उतरला. काम चुटकीसरशी होणारं. टेपवरची नावं तेवढी पुसायची. मालकाचा माणूस गोडीत म्हणाला होता, "काका, तुमची लेक आमच्याच ऑफिसात आहे ना?" काका काय समजायचं ते समजले.

नावं पुसली. टेप मागे घेऊन ऐकली.

"कोण गेलं?" मग नुसती शांतता.

जमलं बुवा, म्हणत तो उठला. दार ओढलं. बाहेरून कडी! हाका मारल्या, धडका दिल्या. मोबाइलला रेंज नाही.

मागून... "कोण गेलं?"

त्याने बटण दाबलं. वायर उपटून खिशात कोंबली. चाकं फिरतच होती.

"कोण गेलं?"

शाहिराची एक खोड होती. झील आल्याशिवाय तो पुढची ओळ घेत नसे. समोर हजार माणसं असोत, थांबून राहायचा. हे झीलकऱ्याइतकं कोणाला ठाऊक?

त्याने एक नाव घेतलं. दुसरं... तिसरं... सहावं. तिथे जीभ अडली.

...

"कोण गेलं?" हळू. अगदी कानाशी.

सातवा त्याचा सख्खा भाऊ होता रे! त्याचंही नाव पुसलं होतं या माणसाने.

"दादा," तो हुंदका देत म्हणाला. "माझा दादा गेला."

दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला वरच्या मशीनवर तीच टेप लागली. मालक पहिल्या रांगेत. सहा नावं आली, म्हाताऱ्या घोगऱ्या आवाजात. मग, "माझा दादा गेला." लेकीची नोकरी जायची ती गेली. पण त्या हुंदक्यामागे सगळ्यांनी स्वच्छ ऐकला... कडी सरकल्याचा आवाज.

तळघरातल्या मशीनची वायर तेव्हाही झीलकऱ्याच्या खिशातच होती.