आडनावापायी गेलेले हंस

"माझे हंस कुठं गेले, जी?"

दारातूनच मी विचारलं आणि खुर्चीतला तरुण असा दचकला, की हातातला चहा कीबोर्डवर सांडता सांडता राहिला.

साकोलीच्या बसस्टँडमागे, दोन खोल्यांत आमच्या पाणपक्षी मंडळाचं कार्यालय आहे. हिवाळ्यात आम्ही हौशी माणसं तळ्यांवर जाऊन पक्षी मोजतो, मोबाइलवर माहिती भरतो आणि ती मंडळाच्या पडद्यावर ओळीओळीने झळकते. मी शाळेत विज्ञान शिकवते. माझी ओळ बघायला मी मोठ्या तोऱ्यात आले होते, आणि माझ्या जागी नुसती पांढरी पट्टी!

"कोनते हंस?"

"पट्टकादंब. हिमालय ओलांडून आले बिचारे, अन् तुमच्या कॉम्प्युटरात हरवले."

तो हसला. त्याचे डोळे ओठांच्या आधी हसतात… हे माझ्या लक्षात आलं, म्हणून मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

त्याचं नाव सचिन. मंडळाचं कॉम्प्युटरचं सगळं काम तोच पाहायचा. त्याने माझी नोंद उघडली. तळं, तारीख, पक्षी, सगळं जागच्या जागी होतं. फक्त आडनावाचा रकाना मी कोरा सोडला होता.

"हे पाहा. नाव, आडनाव, तळं, पक्षी, हे सारं जोडून मी एक ओळ बनवतो. तुम्ही आडनाव भरलंच नाई, तं डेटाबेसनं तिथं 'नल' ठेवलं."

"म्हंजे रिकामं ना?"

"नाई ना! रिकामं म्हंजे इथं काही नाई, हे मले माहीत आहे. नल म्हंजे इथं काय आहे, तेच मले माहीत नाई. अन् माहीत नसलेल्याले काहीबी जोडा, सारंच नल होऊन जाते."

"एका आडनावापायी हंससुद्धा?"

"हंससुद्धा. तळंसुद्धा. अन्… तुम्हीसुद्धा."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आमच्याकडे तृप्ती हे नाव कोणत्याही घरात सापडतं. आडनाव सांगितलं की मात्र समोरचा चेहरा क्षणभर थांबतो. गजभिये… म्हणजे बौद्ध, असं मनात जुळलं की मगच बोलणं पुढे सरकतं. तो थांबलेला क्षण मला नको असतो, म्हणून जमेल तिथे मी तो रकाना सोडून देते. आणि ते यंत्र मला तळ्या-पाखरांसकट गिळून बसलं होतं!

"सांगता का आडनाव? भरून टाकतो."

"नाई सांगितलं तर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. 'काहून' असं कारण विचारलं नाही.

"तर मी सुधारतो. चूक तुमची नाई, माझी आहे." तो टाइप करायला लागला. "याले कोअलेस म्हंतात. जे माहीत नाई तिथं गुमान कोरी जागा धर, अन् बाकीचं जसंच्या तसं राहू दे."

त्याने बटण दाबलं. आणि पडद्यावर मी आले… माझं तळं आलं… माझे सगळे हंस आले. लहान मुलीसारखी मी आ वासून पाहत राहिले. एवढ्याशा शब्दाने हे होतं?

मग मी काही ना काही निमित्त काढून तिथे जायला लागले.

"आज कोन हरवलं, बाई?"

"एक बगळा."

"बगळे हरवत नाईत. तुम्हीच रस्ता चुकून इकडं येऊन राहिल्या."

"मग दाखवा ना रस्ता…"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. तो करडी गावचा, धान पिकवणाऱ्या कुणब्याच्या घरचा. आडनाव त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तो जितका आवडायला लागला, तितका माझा जीव धास्तावला. कोणाचाही चेहरा थांबला तरी मी सोसलं असतं, त्याचा नाही.

जानेवारीत करडीच्या तळ्याची मोजणी आम्ही दोघांनी घेतली. सकाळी पाण्यावर धुकं इतकं दाट होतं, की काठसुद्धा दिसत नव्हता. आणि अचानक आवाज आला… धुक्यातून हंस उठले. एक नाही, दोन नाही, सारं आभाळ पंखांनी भरलं. मोजायचं राहून गेलं. एवढासा जीव, आणि केवढे डोंगर ओलांडून आलेला! माझे डोळे भरून आले, आणि त्या भरात मी बोलून गेले.

"सचिन… माझं आडनाव गजभिये आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. मी पापणीही हलवली नाही. त्याचे डोळे आभाळातल्या हंसांवरून माझ्यावर आले आणि तिथेच राहिले.

"मले तू पाह्यजे, तृप्ती," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून पाह्यजे. चाल, आईकडं चाल. घर जवळच आहे."

"आधी फोन कर. पूर्ण नाव सांग. दारात उभं राहून मले कोनाचा चेहरा वाचाचा नाई."

त्याने फोन लावला आणि आवाज मोठा केला. "आई, एका पोरीले घरी आनतो. लग्न करीन तं हिच्याशीच. तृप्ती गजभिये नाव आहे तिचं."

पलीकडे काहीच नाही. सचिनने माझा हात धरला.

"गजभिये," त्याची आई, निर्मलाबाई, हळूच म्हणाल्या. मग चुलीवरचं झाकण वाजलं. "तुझ्या बाबाले मी पाहून घेईन. थंडीत त्या पोरीले तळ्यावर कायले उभं ठेवलं रे? घेऊन ये. भात होऊन राहिला." त्या थांबल्या, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "अन् तिले विचार… माझ्या हातचं जेवेल ना ती?"

मी सचिनच्या हातातून फोन घेतला.

"जेवीन, आई," मी म्हणाले.