रामाजीचा ठोका

परवा रात्री सौंसरला लाइन गेली आणि थोड्या वेळानं इन्व्हर्टरही बसला. पोरं ओट्यावर येऊन माझ्या चुलतसासऱ्यांना, मुकुंदआजोबांना घेरून बसली.

"आजोबा, भुताची सांगा," छाया म्हणाली. "पण खरी."

"खोटी मले सांगताच येत नाई," ते म्हणाले, आणि सुरू झाले.

बोरगावात आमच्या घराला लागून रामाजी राहायचा. हे त्याच्यासोबत झालं. छप्पन सालची धनतेरस, ऑक्टोबरची एकतीस तारीख. शेजारचे केशवराव गुरांसाठी ढेप आणायला बैलगाडी घेऊन सौंसरला निघाले होते. रामाजी म्हणाला, मीही येतो, तहसीलीत काम आहे.

त्याचं काम सगळ्या गावाला पाठ होतं. रामाजी लढाईत शिपाई होता. सिंगापुरात जपान्यांनी पकडला आणि जहाजात कोंबून पापुआ बेटाच्या रानात मजुरीला नेला. तिथं तापानं पडला तर वाटेतच टाकून दिला. रानातल्या लोकांनी त्याला उचलून आपल्या गावात नेलं.

गाव म्हणजे काय, खांबांवर उभी वीस-पंचवीस घरं. खाली डुकरं, वर धूर. धूर केला नाही तर मच्छर जगू देत नव्हते. पाऊस रोजचा, कपडा कधी वाळायचा नाही. ताडासारख्या एका झाडाचं खोड कुटून, धुऊन पीठ काढायचे आणि त्याचा चिकट गोळा खायचे. मीठ नाही. सोबतीला कधी अळ्या.

"अळ्या?" छाया किंचाळली.

"भाजून. तू परवा मॅगीत किडा निघाला म्हणून रडली, तो जगला त्याच्यावर."

डॉक्टर नाही, शाळा नाही, बाहेर पडायला चांगला रस्ता नाही. लेकरांच्या अंगावर फोड यायचे आणि हाडापर्यंत सडायचे. ज्या म्हाताऱ्यानं रामाजीला घरात ठेवलं, त्याच्या नातीचा पाय असाच सडत होता. पाच-सहा वर्षांची पोर. तीच रामाजीला पानातून पाणी पाजायची.

त्या गावात पोकळ ओंडक्याचा एक मोठा नगारा होता. प्रत्येक माणसाचा ठोका वेगळा. कोणी रानात असला की त्याचा ठोका वाजवायचा. त्यानं हाताला लागेल त्या लाकडावर तोच वाजवून जबाब द्यायचा, म्हणजे मी आहे. तीनदा वाजवून जबाब नाही आला, तर माणूस गेला असं धरून रडायला बसायचे. रामाजीलाही त्यांनी एक ठोका दिला होता. दोन लांब, मग थांबून तीन जलद.

लढाई संपली, गोरे शिपाई आले, त्याला घेऊन गेले. निघताना त्यानं त्या पोरीच्या पायाला हात लावून सांगितलं, औषध पाठवतो.

तेच काम. दहा वर्षं. सरकारनं तिकडच्या सरकारला सांगावं, औषधाच्या सुया पाठवाव्यात, एवढंच मागणं. पण रामाजी कुठंही गेला तरी लोक हसायचे. एक बाबू म्हणाला, "पापुआ? वो बैतूल की तरफ है क्या?" शेवटी नागपूरच्या एका साहेबानं ऐकून घेतलं होतं. दिवाळीपर्यंत होईल म्हणाला होता.

तर त्या दिवशी तहसीलीत पाहतो तो सगळी धांदल. कपाटं रिकामी करून राहिले. बाबू म्हणाला, "रामाजी, उद्यापासून नागपूर आपलं नाई. ते मुंबई राज्यात गेलं. आपली राजधानी आता भोपाळ."

"मग माझ्या कामाचं?"

"नव्यानं करा. भोपाळले."

"अजी, दहा वर्षं झाली! पोरीचा पाय सडून राहिला तिथं!"

"मग मी काय करू? मलेच माहीत नाई, उद्या माझी खुर्ची कुठं हाय."

रामाजीनं दाराच्या चौकटीवर मूठ आपटली. बाबूनं वरसुद्धा पाहिलं नाही.

परतताना अंधार पडला. अमावास्येला दोन दिवस होते, चंद्राचा पत्ता नाही. केशवराव समजूत काढत होते, "जाऊ दे ना बावा. तुझ्या हातात होतं तेवढं केलं."

"काईच नाई केलं, केशवराव. नुसता चकरा मारून राहिलो."

बोरगाव जवळ आलं. संत्र्याचा बगिचा लागला. बैल थांबले.

केशवरावांनी खिळ्याची काठी, तुतारी, टोचली. बैल हलेनात.

बगिच्यातून आवाज आला. ठक... ठक... मग ठकठकठक.

"धनतेरसीचा ढोल कोन वाजवून राहिलं?" केशवराव म्हणाले.

रामाजीचा हात गाडीच्या दांडीकडे गेला. "हा माझा ठोका हाय," तो म्हणाला. "मले जबाब द्यावा लागते."

केशवरावांनी त्याचं मनगट धरलं. "बावळा झाला का? रातच्या हाकेले ओ देते का कोनी? चूप बस!"

आपल्याकडे हे लेकरालाही शिकवतात. रात्री ओळखीची हाक आली तरी ओ द्यायची नाही. केशवराव दांडगे गडी. रामाजीचा जीव वाचवतोय असंच त्यांना वाटत होतं.

पुन्हा आला. ठक... ठक...

"सोडा, केशवराव. तिथं जबाब नाई दिला तर..."

"तिथं नाई हाय तू. इथं हाय."

तिसऱ्यांदा आला. या वेळी हळू. वाजवणारा दमल्यासारखा.

मग... काहीच नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

आणि रडणं सुरू झालं.

एकदम पुष्कळ बायांचं. झाडाझाडाखालून. शब्द कळत नव्हते. रामाजीला कळत होते.

त्यानं झटका देऊन हात सोडवला. दांडीवर ठोका वाजवला. परत वाजवला. बोटं फुटली. ओरडला, "मी हाय! जिता हाय मी!"

रडणं थांबलं नाही. दूर गेलं. आणखी दूर. मग विझलं.

बैल आपोआप चालू लागले.

घरी त्याची बायको मनकर्णा आतून कडी लावून झोपली होती. रामाजीनं तिला उठवलं नाही. रात्रभर ओट्यावर बसून राहिला. पहाटे आंघोळीचं पाणी तापवायला ती कडी काढून बाहेर आली. हातात कंदील.

"मले काय लागलं हे, जी?"

कपाळापासून कोपरापर्यंत चिखल. वाळलेला, करडा. कुंकवावरूनही फासलेला. आपल्या बोरगावची माती काळी, पोरांनो.

पापुआच्या त्या गावात माणूस गेला की त्याच्या घरच्या बाईला असा नदीचा चिखल फासतात. रामाजीनं हे मनकर्णेला कधीच सांगितलं नव्हतं.

तो कंदील घेऊन जवळ गेला. चिखलात बोटं उमटली होती. तिची नव्हती. एवढीशी होती... लेकराची.

केशवराव आवाज ऐकून आले होते. रामाजी त्यांच्याकडे न पाहता म्हणाला, "दहा वर्षांत त्या पोरीचा हात मोठा व्हाले पाहिजे होता."