कोरी राहिलेली ओळ

मनोरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात डॉक्टर तियामिकेने पाऊल टाकलं, तेव्हा झोम्बाच्या डोंगरावरून गार चिपेरोनी वाऱ्याची बारीक झिमझिम उतरत होती आणि दोघे जण बावोच्या खळग्याखळग्यांच्या पटावरून तावातावाने भांडत होते. एक म्हातारा, दुसरा तरुण. तरुणाच्या शर्टाची बाही उसवलेली, मुठीत सागरगोटे, आणि डोळे... डोळ्यांकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं. पांढरा कोट सारखा करत ती त्याच्यासमोर बसली.

“नाव?”

“लुसुंगु.”

“इथे कोणी आणलं तुम्हाला?”

“बसने. तेही उभ्याने.”

“झोप लागते?”

“आतापर्यंत लागायची...” तो तिच्याकडे बघत म्हणाला.

“जवळ कोणी नसताना आवाज ऐकू येतात?”

“आईचा येतो. म्हणते, अजून वेळ गेलेली नाही, सर्जन हो!”

तिने सगळं इमानेइतबारे लिहून घेतलं. खालची ‘उपचार’ची ओळ तेवढी राहिली, कारण म्हातारबुवा हसून लोटपोट झाले होते.

“अगं पोरी, हा इथला डॉक्टर! पेशंट मी आहे!”

तियामिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे कोट दाराशीच काढतात आणि बावो खेळता खेळता बोलतात, हात गुंतले की तोंड मोकळं होतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. लुसुंगु तिच्याहून दोन वर्षं पुढे होता. त्याने तिच्या हातातला कागद अलगद काढून खिशात घातला.

“द्या तो इकडे!”

“छे! माझी इतकी चौकशी घरीसुद्धा कोणी केली नाही.”

तिला इथे प्रशिक्षणाचे सहाच आठवडे काढायचे होते. पोरगी सर्जन होणार, हे आईने अख्ख्या चर्चला सांगून टाकलं होतं. पण रोज सकाळी कोट खुंटीला लागायचा, ती त्याच म्हातारबुवांसमोर, सगळ्यांच्या गामा अगोगोंसमोर, म्हणजे गामाआजोबांसमोर बसायची आणि सपाटून हरायची.

“मुद्दाम हरतेस ना?” लुसुंगु चिडवायचा.

“अगोगोंना जिंकू द्या की.”

“मग माझ्याशी पण हर कधीतरी—”

“तुम्ही पेशंट नाही, असं ऐकलंय मी.”

असं म्हणताना तिचे कान तापायचे. ती प्रेमात पडली होती, त्यात आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात अगोगो सागरगोटे टाकता टाकता पुटपुटले, “माझी लेक अलिनाफे अशीच मुद्दाम हरायची.” इथल्या चार वर्षांत त्यांनी घरच्या कोणाचं नाव काढलं नव्हतं. तियामिकेने गाव शोधलं, निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी लेक टोपलीभर गोड तळलेली मांदासी घेऊन आली, आणि बाप तिचा हात धरून रडला. तियामिके नळामागे जाऊन मनसोक्त रडली. हेच काम करायचं, तिला त्याच क्षणी कळलं.

पुढे कोणती शाखा घ्यायची, त्याचा अर्ज सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी द्यायचा होता. आणि नेमका त्याच आठवड्यात लुसुंगु गप्प झाला. नमस्कार, की चालू पडला! ती मनातून पार हिरमुसली. तरी शुक्रवारी तिने आईला फोन लावला.

“वेड्यांची डॉक्टर?” आई किंचाळली. “लग्न कोण करणार तुझ्याशी?”

“नाही केलं तर नाही, आई.”

फोन ठेवून तिने अर्ज देऊन टाकला. बाहेर आली तर झिमझिमीत भिजत लुसुंगु उभा.

“दिलास अर्ज?”

“तुम्हाला काय करायचंय? आठवडाभर तोंडाला कुलूप!”

“सांग ना... दिलास?”

“दिला. मनोविकाराचाच.”

त्याने मोठा श्वास सोडला. “आधी बोललो असतो, तर तू माझ्यासाठी इथे राहिलीस असं जन्मभर वाटलं असतं. तुला तरी, नाहीतर मला. म्हणून...” त्याने खिशातून घड्या पडलेला तो कागद काढला. “आता बोलतो. पेशंटला सहा आठवडे ताटकळत ठेवलंस, डॉक्टर. उपचार लिहिलेच नाहीस. झोप अजून लागत नाही.”

तियामिकेने त्याचंच पेन घेतलं, त्याच्याच पाठीवर कागद ठेवला आणि लिहिलं— ‘रोज बावोचा एक डाव, याच डॉक्टरबरोबर. आयुष्यभर.’

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. “आणि... आईचा तो आवाज?”

“त्याला औषध नाही,” ती हसत म्हणाली. “माझ्या आईचाही येतो आता. दोघं मिळून ऐकू.”