टेकडीवर रेंज येते का

"नंबर कशाला हवाय?" तिने फोन काउंटरवरून उचलून थेट छातीशी धरला.

"तुमचा नाही हो मॅडम... फोनचा!" मोबाईलवाला गडबडला. "तो कंपनीच्या साइटवर टाकला की कळतं, हा फोन त्यांच्या नेटवर्कवर चालेल की नाही."

तिला दुकानदारांचा अनुभव होता. मागे एकाने काच बदलताना आतली बॅटरीच बदलली होती! म्हणून ती त्याच्या बोटांवर डोळा ठेवून उभी राहिली. बोटं लांबसडक होती... आता नजर ठेवायची म्हटल्यावर ते दिसणारच.

ती नर्स. टेकडीवरच्या दवाखान्यात नवी नोकरी लागली होती. तिथे एकाच कंपनीची रेंज येते म्हणे. आणि आईची एकच अट — रोज संध्याकाळी फोन लागलाच पाहिजे, नाहीतर सामान बांध आणि घरी ये. बाबा गेल्यापासून आई जरा जास्तच घाबरायची. अट आणि दवाखाना, दोन्ही तिने आल्याआल्याच त्याला ऐकवलं होतं.

साइटवर हिरवी खूण आली.

"चला, चालतो!"

"यादीत आहे," तो म्हणाला. "पण यादीत असणं वेगळं, टेकडीवर लागणं वेगळं. तिथला टॉवर जुना आहे. दवाखाना नेमका कुठल्या बाजूला आहे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"रेंज... बघायचीय. परवा या."

"उद्या का नाही?"

"उद्या दुकान बंद आहे."

दारावर पाटी होती — आठवडाभर चालू. तिने पाटी वाचली, त्याच्याकडे पाहिलं. तो स्क्रू मोजायला लागला.

परवा ती गेली, तर त्याचं नाक उन्हाने लालबुंद, कोपर खरचटलेलं.

"मारामारी?"

"छे! हे असंच..." त्याने विषय टाळला आणि तिच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत एक सिम घातलं. "माझंच आहे, त्याच कंपनीचं. बघा, नेटवर्क पकडलं. तिथे व्हरांड्यात रेंजच्या दोन काड्या येतात. मागच्या खोल्यांत मात्र काही नाही. आईंशी व्हरांड्यातून बोला."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"...माहीत आहे."

थापाड्या! इतक्यात एक आजोबा 'माझा फोन बोलतच नाही' म्हणत आत घुसले, आणि तिने फोन पर्समध्ये टाकून काढता पाय घेतला. व्हरांडा म्हणे! ह्याच्या भरवशावर आईला शब्द द्यायचा?

ती बसस्टॉपवर पोचते न पोचते तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने उचलला, पण बोलायला सवडच मिळाली नाही.

"अरे गाढवा, विचारलंस का तिला? दुकान बंद ठेवून टेकडीवर कडमडलास, गाडीवरून आपटलास! वर तिच्यासारखाच फोन हवा म्हणून तुझ्या भावजींचा फोन उचलून नेलास. ते बिचारे दिवसभर बिनफोनाचे! आता निदान चहाला तरी विचार."

"हॅलो..." ती हळूच म्हणाली.

"अगंबाई! कोण बोलतंय?"

"तीच."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई, ते सगळ्याच गिऱ्हाइकांसाठी असं करतात का हो?"

"कुठलं गं! सख्ख्या बहिणीच्या फोनला काच लावायला महिना घालवला त्याने!"

बस आली. गेलीसुद्धा.

ती परत दुकानात शिरली तेव्हा तो काउंटरखाली ओणवा होऊन काहीतरी शोधत होता. तिने त्याचं सिम पुढे केलं.

"मुद्दाम ठेवलंत ना?"

"शपथ नाही! आजोबांच्या नादात राहिलं..."

"तुमच्या ताईंचा फोन आला होता."

त्याचे कान नाकाशी स्पर्धा करायला लागले. "काय... काय म्हणाली?"

"गाढव म्हणाल्या. टेकडीवर गेला होतात, हे मला का नाही सांगितलंत?"

"आधीच तुम्हाला माझा संशय. वर हे सांगितलं असतं, तर पोलीसच बोलावले असते तुम्ही!"

तिला हसू आवरेना. "बोलावले असते," तिने कबूल केलं. मग जरा थांबून — "तुमचा नंबर द्या."

"कशाला हवाय?" आता तोही हसत होता.

"फोन लागतो का, तपासायला नको?"

टेकडीवरच्या पहिल्या संध्याकाळी त्याच कंपनीचं नवं सिम घालून ती व्हरांड्यात उभी राहिली. आधी आईला फोन. लागला! आई इतकं बोलली, इतकं बोलली... शेवटी तिलाच म्हणावं लागलं, आता ठेव गं. मग दुसरा फोन.

"हॅलो... येतंय ऐकू?" त्याने विचारलं.

"येतंय. आणि मागच्या खोल्यांतही जाऊन पाहिलं. तिथे खरंच काही नाही."

"म्हणजे अजून संशय आहेच!"

"आहे तर," ती म्हणाली. "म्हणून रोज तपासणार आहे."