खळग्यावरचा पाय

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायचीच असती, तर आपल्याच घरातल्या माणसाला असं मरू दिलं नसतं.

माझ्या मावशीच्या डोळ्यांदेखत घडलं हे. तिचं नाव युलाली, आम्ही सगळे तिला तांती म्हणतो. गाव त्रिनिदादच्या दक्षिण टोकाला, मोरुगाच्या रस्त्यावर. साल १९७४. कार्निव्हलच्या आधीचा शनिवार, दुपारचे साडेतीन.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

आखाड्यात काठ्यांच्या झुंजी चालल्या होत्या. आमच्या आखाड्याच्या मधोमध एक खळगा आहे, वीतभर रुंद. ज्याचं डोकं फुटेल त्याने तिथे वाकायचं आणि रक्त आत सोडायचं. मातीने रक्त प्यायलं की झुंज मिटली. मग दोघं एकाच बाटलीतली रम पितात आणि घरी जातात. ऊसमळ्यावर आमचे पूर्वज गुलाम होते, तेव्हापासूनची ही रीत.

तांतीचा नवरा कथबर्ट अकरा वर्षं त्या आखाड्याचा राजा होता. आणि तांती गाण्याची म्होरकी. ती ओळ टाकायची, ढोलवाले आणि अख्खं गाव ती उचलायचं. तिच्या टोमण्यांनी भल्याभल्यांचे हात ढिले पडत. जिभेला हाड नव्हतं बाईच्या.

त्या दिवशी मायारोहून अन्सेल्म नावाचा एक तरुण आला होता. कोकोच्या मळ्यावर काम करणारा, खांदे रुंद, तोंड त्याहून मोठं.

"काका, गुडघे दुखत असतील तर बसून खेळू," तो कथबर्टला म्हणाला.

सगळे हसले. कथबर्ट हसला नाही.

पहिल्याच फेरीत अन्सेल्मने त्याची दोन बोटं मोडली. कथबर्टने तशीच काठी फिरवली. ती पोराच्या डाव्या भुवईवर बसली. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. कातडी फाटून आतलं पांढरं हाड दिसलं. पण अन्सेल्म पडला नाही. झोकांड्या खात खळग्यापाशी आला आणि वाकू लागला.

आणि कथबर्टने आपला उजवा पाय खळग्यावर ठेवला.

"इथे नाही. मायारोचं गटार आमच्या मातीत नको."

ढोल थांबले.

"काका, पाय काढा. हरलो मी, कबूल आहे. रक्त तेवढं सोडू द्या."

"आईकडे जा. ती पुसून देईल."

एक म्हातारा काहीतरी बोलायला उठला होता. तेवढ्यात तांतीने ओळ टाकली... 'राजाचा पाय, राजाची माती, मायारोचा बैल रडतो राती!' गाव हसलं. ढोल सुरू झाले. अन्सेल्म डोक्याला फडकं दाबून निघून गेला.

रविवारी संध्याकाळी तो मेला.

सोमवारी सकाळी तांती चुलीवर कोकोचा चहा उकळत होती. कथबर्ट बाहेर पायरीवर बसला होता.

तेवढ्यात...

टक्.

लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. पाठोपाठ कथबर्टची किंकाळी.

ती धावत बाहेर आली. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा ठेचला होता, नख उपटून उभं राहिलं होतं. अंगणात कोणीच नव्हतं. कोंबड्या नव्हत्या. दारातलं कुत्रं नव्हतं. समोरच्या समुद्राचा आवाजसुद्धा नव्हता.

"कोणी मारलं?"

"दिसला असता तर जिवंत सोडला असता का मी त्याला?"

दुपारी पुन्हा टक्... आणि पावलाची हाडं मोडली. शेजारच्या सुखराजने आपल्या व्हॅनमधून त्याला दवाखान्यात नेलं.

"गाडीखाली गेला का हा?" नर्सने विचारलं. तिने प्लास्टर घातलं. मंगळवारी सकाळी, घरी बिछान्याभोवती तिघं जण बसलेले असताना, त्या प्लास्टरचे तुकडे खोलीभर उडाले. घोट्याचा चुरा झाला होता.

कथबर्ट लहान मुलासारखा रडला. "लाली, हा माझा जीव घेणार."

तांती बराच वेळ त्या पायाकडे बघत होती.

"जीव घ्यायचा असता तर डोकं फोडलं असतं. सगळे घाव उजव्या पायावरच का? अन्सेल्मला हा पाय खळग्यावरून बाजूला करून हवाय."

झुंज मिटवायची तर आखाडा हवा, गाणं हवं. पण मंगळवारी मध्यरात्री कार्निव्हल संपला. राखेच्या बुधवारपासून पुढे उपवासाचे चाळीस दिवस आमच्याकडे ढोलाला हात लावत नाहीत, गात नाहीत. आणि पुढच्या वर्षापर्यंत थांबायला कथबर्ट उरला नसता.

बुधवारी ती चर्चमध्ये गेली, कपाळाला राख लावून घेतली आणि थेट सुखराजच्या दारात उभी राहिली.

"व्हॅन काढ. आखाड्यात जाऊन गायचंय."

"भौजी, आजच्या दिवशी गाणार? फादर तुला चर्चमधून हाकलतील."

"हाकलू देत. नवरा वाचवून बाहेर उभी राहीन."

आखाडा रिकामा होता. तिन्ही ढोल बाजूच्या छपरीत कुलूपबंद. सुखराजने कथबर्टला कडेला बसवलं, त्याची काठी मांडीवर ठेवली आणि तो व्हॅनपाशी जाऊन उभा राहिला.

तांती गाऊ लागली.

पहिलं कडवं झालं. काही नाही.

दुसरं झालं...

बंद छपरीत एक ढोल वाजला.

मग दुसरा. मग तिन्ही.

सुखराजनेही ते ऐकलं. तो शेवटपर्यंत शपथेवर सांगायचा.

कथबर्ट उठून उभा राहिला. मोडक्या पायावर, आधाराशिवाय. त्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली होती. तो चालत मध्यभागी गेला आणि त्याने उजवा पाय पुन्हा खळग्यावर रोवला.

"पाय काढ!" तांती ओरडली. "मेल्या, त्यासाठीच आणलंय तुला!"

"राजा आहे मी, लाली. त्याला म्हणावं, ये."

त्याने हवेत काठी फिरवली. हवेत ती कशावर तरी आपटली. टक्. पुन्हा टक्. ठिणग्या उडाव्यात तशा ढलप्या उडत होत्या, आणि समोर कोणीच नव्हतं.

तेव्हा तांतीने ओळ बदलली. शनिवारी टाकलेली ओळ तिने परत घेतली. 'अन्सेल्म आला, वाट द्या, त्याच्या रक्ताला माती द्या!'

कथबर्टने वळून तिच्याकडे बघितलं. तिनेच मारल्यासारखं.

"तू माझी बायको आहेस."

"म्हणूनच गातेय! काढ पाय!"

त्याने काढला नाही.

टक्.

गुडघ्याखाली नळी मोडली. हाड कातडी फाडून बाहेर आलं, पाऊल उलटं फिरलं. कथबर्ट कोसळला आणि खळगा मोकळा झाला.

आणि मग...

वाकलेल्या माणसाचं डोकं असतं त्या उंचीवर, रिकाम्या हवेतून, रक्ताचा एक थेंब पडला. मग दुसरा. मग धार. खळगा काठोकाठ भरला. मातीने ते सगळं पिऊन टाकलं. ढोल थांबले.

कथबर्टच्या पायातून रक्ताच्या चिळकांड्या उडत होत्या. तो कोपरांवर सरपटत खळग्यापाशी गेला.

"हरलो मी. हे बघ, हरलो. घे."

त्याचं रक्त वाहत खळग्याच्या काठापर्यंत गेलं. तिथे ते फुटलं आणि दोन्ही बाजूंनी वळून पुढे गेलं. आत एक थेंब पडला नाही. तो ओंजळीने आत लोटत होता. ओंजळ आत जायची आणि कोरडी बाहेर यायची.

"लाली, घेत नाहीये ती... माती घेत नाहीये..."

प्रिन्सेस टाउनच्या दवाखान्यात पोहोचण्याआधी तो व्हॅनमध्येच गेला.

तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तांती आता पंच्याऐंशीची आहे. त्या दिवसानंतर ती कधी गायली नाही. दर राखेच्या बुधवारी, दुपारी, तिच्या दारासमोर एका पायावर कोणीतरी उड्या मारत येतं. मागच्या वर्षी मी तिथे होतो. मीही ऐकलं. पायरीपाशी ते थांबलं आणि पुरुषाच्या आवाजात म्हणालं...

"लाली, गा ना."

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "गाऊन टाक ना एकदा. सुटेल बिचारा."

"गाईन की. पण अन्सेल्मची झुंज संपली, तो आता येत नाही. मातीला डोक्याचं रक्त लागतं; याचं डोकं फोडायला समोर कोणीतरी हवं. परका कोण येईल?"

तिने दारामागून कथबर्टची काठी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

मी अजून हो म्हटलेलं नाही. काठी मात्र घरी घेऊन आलो, म्हातारीला नाही म्हणवेना. यंदाच्या राखेच्या बुधवारला तीन आठवडे आहेत.

काल सकाळी माझ्या अंगणात टक् असा आवाज झाला.

माझं कुत्रं अजून घरी आलेलं नाही.